भांडं नंबर एकशे सतरा

सरकारनं मला भूजल मंडळावर घेतलं ते माझ्याकडे काहीच नाही म्हणून. हे मी रडून सांगत नाही, कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. दोन हजार एक्केचाळीसच्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला स्थानिक भूजल मंडळांचा कायदा झाला. प्रत्येक मंडळावर पाच हंगामी सदस्य नेमायचे, आणि त्यातला एक असा हवा की ज्याच्या नावावर विहीर नाही, बोअर नाही, गुंठाभर रान नाही. आमच्या बोरजाईत अशी माणसं ढीगभर. पण हजार पानांचा स्वयंपाक उतरवणारी आणि तहसीलदारालाही 'आधी पाणी प्या, मग बोला' असं सुनावणारी मी एकटीच. त्यामुळे सगळ्यांनी माझं नाव पुढे केलं आणि आपण हळूच मागे सरकले.

माझं नाव भाग्यश्री, धंदा आचाऱ्याचा. माण तालुक्यातल्या बारा गावांची लग्नं, बारशी, तेरावी माझ्या चुलाण्यांवर शिजतात. आमचे हे, नवनाथराव, कढया-पातेल्यांचा टेम्पो चालवतात. ते फार बोलत नाहीत, कारण मी त्यांना जागाच ठेवत नाही असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आता हे भांडं काय प्रकरण आहे ते सांगते. मला ते तरन्नुमनं समजावलं. तरन्नुम मुजावर ही मिरजेची मुलगी, खडकांची शास्त्रज्ञ. वय असेल तिशीच्या आत, पण बोलायला लागली की शाळेतल्या बाई आठवतात. कायदा व्हायच्या आधी दोन वर्षं ती आमच्या शिवारात हिंडत होती आणि प्रत्येकाला एकच विचारत होती, तुमच्याकडे मेलेला बोअर आहे का? आमच्याकडे दुसरं होतं काय? पाणी न लागलेले, लागून आटलेले, असे बोरजाई आणि डोंगरापलीकडची तांबवाडी मिळून एकशे त्रेचाळीस बोअर निघाले. तिनं त्या प्रत्येकात हातभर लांबीची एक नळी सोडली. आम्ही बायका तिला मदतीला होतो. नळीला तिनं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, आम्ही तिला कांडी म्हणायला लागलो, आणि पुढे तिच्या अहवालातही कांडीच आलं.

तिनं मला एकदा तळहात उघडा धरायला लावला. म्हणाली, आभाळातून सारखे कण पडत असतात, म्युऑन नावाचे. तारे फुटतात तिथून निघालेले किरण वर हवेवर आदळतात आणि त्यातून हे तयार होतात. या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातोय, तुम्हाला कळतही नाही. ते घरातून जातात, माणसातून जातात आणि जमिनीतही शिरतात. पण खडक त्यांना अडवतो. दोनशे फुटांवर हजारातले दोन-तीनच पोचतात. जिकडे खडक भरीव तिकडून कमी, जिकडे सच्छिद्र तिकडून जास्त. कांडी खाली बसून फक्त मोजते, कुठल्या दिशेनं किती आले. चार-चार महिने मोजलं, सगळ्या कांड्यांचे आकडे जुळवले, की दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसा जमिनीच्या पोटाचा फोटो मिळतो. आणि पावसाळ्यानंतर खडकाच्या भोकांत पाणी भरलं, की तो खडक जड होतो आणि आणखी कमी कण खाली पोचतात. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यांच्यातला फरक म्हणजे पाणी.

मी म्हटलं, म्हणजे पातेलं न उघडता आत किती आमटी आहे ते कळलं. ती म्हणाली, तसंच समजा.

फोटोत दिसलं ते असं. वर काळा पाषाण, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, आणि त्याच्या तळाला गेरूचा लाल थर, ज्यातून पाणी खाली जात नाही. मांजऱ्याचं हे भांडं बोरजाईच्या खाली पोटासारखं फुगलेलं होतं आणि डोंगराच्या सोंडेखालून निघून पलीकडे तांबवाडीच्या माळावर त्याचं तोंड उघडत होतं. तो माळ म्हणजे साठ एकर दगड. कुसळं सोडून तिथे कधी काही आलं नाही. पण पाऊस आत शिरतो तो फक्त तिथूनच. पाणी आम्ही उपसत होतो आणि भरत होतं ते त्यांच्या माळावरून.

कायद्याच्या अनुसूचीत अशी राज्यातली तीनशे बारा भांडी होती, आमचं एकशे सतरावं. गावाची शीव, तालुक्याची हद्द, हे सगळं कायद्यानं बाजूला ठेवलं होतं. भांड्याचा काठ हीच मंडळाची हद्द. मंडळ झालं की प्रत्येक बोअरला मीटर, विचारल्याशिवाय नवा बोअर नाही, आणि भांड्याच्या तोंडावर खोदकाम बंद. मला हे पटलं. आयुष्यभर वाढपी बघत आलेय मी, पहिल्या पंगतीनं सगळं श्रीखंड उडवलं की तिसऱ्या पंगतीला काय मिळतं ते मला कुणी शिकवायला नको.

पण कायद्यात एक मेख होती. मंडळ नुसतं नेमून होत नव्हतं. नव्वद दिवसांच्या आत मान्यता सभा घ्यायची, भांड्यावर राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त माणसं एका जागी, एका वेळी हजर पाहिजेत, आणि त्यांनी हात वर करून हो म्हणायला पाहिजे. मोबाईलवरचं मत चालणार नाही. ते विकलं जातं, असं म्हणे सभागृहात कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं. सभा पडली तर भांड्याचं नाव दहा वर्षांसाठी अनुसूचीतून बाद.

आमच्या भांड्यावर माणसं दोन हजार एकशे चाळीस. म्हणजे हवीत एक हजार एकाहत्तर. बोरजाईची निम्मी तरणी माणसं पुण्यात, ओढून-ताणून सातशे जमतील. बाकीची तांबवाडीची. आणि तांबवाडीचं माणूस आठ वर्षांत बोरजाईत पाणी प्यायलेलं नव्हतं.

याला कारण मी. म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ, अंकुशदादा. तांबवाडी माझं माहेर.

आमच्याकडे कार्यात जवळच्या घराला चूलबंद आवतण देतात. कुंकू-अक्षता देऊन सांगायचं, की त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे. हे झालं पहिलं. मग त्या दिवशी, पानं मांडली की माणूस पाठवून दुसऱ्यांदा बोलवायचं, 'पानं वाढली, चला.' हे बोलावणं आल्याशिवाय मानाचं माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. बोरजाईत मोबाईल आल्यापासून हे दुसरं बोलावणं बंद पडलं. तांबवाडीत पडलं नव्हतं. माझ्या सायलीच्या लग्नात मी दादाला चूलबंद आवतण दिलं, पण त्या दिवशी माणूस पाठवला नाही. नवरीचा मामा तो, बोहल्यावर तिला त्यानं उभी करायची, त्याला कसलं बोलावणं? तो तिकडे नवा फेटा बांधून, थंड चुलीशेजारी, बायकापोरांसकट दिवस मावळेपर्यंत बसून राहिला. मी इकडे मुहूर्त टळेपर्यंत वाट बघितली आणि शेवटी ह्यांच्या चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. मी म्हटलं, येत नाही म्हणजे काय? तो म्हणाला, बोलवत नाही म्हणजे काय? दोघंही एकाच आईच्या पोटचे. पुढे सगळी तांबवाडी त्याच्या बाजूला गेली आणि बोरजाई माझ्या. त्या दिवसापासून मी माहेराला गेले नव्हते. मला त्याची आठवण यायची, रोज यायची, पण ते कुणाला सांगायची माझी तयारी नव्हती.

तरन्नुम नकाशा घेऊन तांबवाडीला जाऊन आली. माळ दादाच्या भावकीचा, सातबाऱ्यावर पहिलं नाव त्याचं. खडी क्रशरवाली एक कंपनी वर्षभर त्याच्या मागे लागली होती. त्या दगडाची खडी करायची, साठ फूट खोल खाण पाडायची. तशी खाण पडली तर भांड्याचं तोंडच फुटेल, मुरायचं पाणी खाणीत साचून उन्हानं उडून जाईल, असं तरन्नुमनं सगळ्यांना दाखवलं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं म्हणे. तिला दूध दिलं, नव्वद दिवस कागदावर सही करणार नाही असा शब्दही दिला. पण सभेला येणार का विचारल्यावर म्हणाला, "पाणी खाली एक असंल. वर आम्ही निराळे आहोत."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. म्हटलं, मरू दे ते मंडळ, मला कुठे विहीर आहे? टँकर येतो, येत राहील. तिसऱ्या दिवशी नवनाथराव जेवता जेवता म्हणाले, "एक हजार एकाहत्तर पाहिजेत. तुझ्याकडे सातशे आहेत आणि ताठा आहे."

वर्षातनं एकदा बोलतात, पण असं बोलतात.

मग मी ठरवलं, तांबवाडीच्या दोनशे बारा घरांना चूलबंद आवतण द्यायचं. सभा झाली की दोन्ही गावांची एक पंगत, स्वयंपाक माझ्याकडून. तीन दिवस मी उंबरे झिजवले. आठ वर्षांनी त्या गल्ल्यांतून हिंडताना पोरंही वळून बघत होती. बायका अक्षता घेत होत्या, पाणी मात्र देत नव्हत्या. दादाच्या घरी शालनवहिनी उंबऱ्यात आली. दादा आत बाजेवर, दाराकडे पाठ करून बसला होता. वहिनीनं विचारलं, चूलबंद का? मी म्हटलं, चूलबंद. तिनं अक्षता पदरात घेतल्या. आतून बाज करकरली, एवढाच काय तो जबाब. मी बाहेर आले आणि गोठ्याच्या आडोशाला उभी राहून रडले. मग तोंड पुसून पुढच्या घरी गेले.

सभेला दोन दिवस उरले आणि सोनटक्के साहेबांचं पत्र आलं. सोनटक्के म्हणजे सभेसाठी नेमलेले अधिकारी. अंगानं काडी, पण नियम तोंडपाठ. पत्रात लिहिलं होतं, की मान्यता सभेला येणाऱ्यांना जेवण देणं किंवा जेवणाच्या नावावर बोलावणं हे आमिष आहे, आणि तसं झाल्यास सभा रद्द. मी तडक त्यांच्या कचेरीत गेले. तासभर वाद घातला. शेवटी साहेब एवढ्यावर आले, की मोजणी पूर्ण होऊन निकाल लागल्यावर कोण कुणाला जेवू घालतं याच्याशी सरकारचा संबंध नाही, मात्र जेवण सगळ्यांना, सभेला न आलेल्यांनाही आणि विरोधात हात वर करणाऱ्यांनाही, असं जाहीर सांगायचं. आणि त्या दिवशी निकालाआधी कुणाही सदस्याच्या तोंडून 'पानं वाढली, चला' हे शब्द निघता कामा नयेत. हे वाक्य त्यांनी स्वतः कागदावर लिहून त्याखाली रेघ मारली. त्यांची आई खानापूरकडची निघाली, तिकडेही हीच रीत. या माणसाला सगळं ठाऊक होतं.

मी मनात म्हटलं, बोलावणं नाही तर नाही. सरकारचा निरोप मोबाईलवर तीनदा गेलाय. ज्या गावाच्या बोअरांत आभाळातले कण मोजले जातात, त्या गावाला दारात येऊन बोलवायला कशाला पाहिजे? आठ वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं, आणि तरी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

सभा एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, बोरजाईच्या शाळेच्या पटांगणात. सकाळी नऊला फाटक उघडणार, चारला बंद. त्या वेळी आत जितकी माणसं असतील तितकी मोजायची. शाळेच्या मागे माझी सहा चुलाणी पेटलेली. वांग्याची भाजी, आमटी, भात, गव्हाची खीर. वास अख्ख्या गावात सुटला होता आणि सोनटक्के साहेब फाटकावर नाकाला रुमाल लावून बसले होते. सर्दी झालीय असं सांगत होते.

अकरापर्यंत बोरजाईची माणसं आली. बाराला फाटकावरच्या पाटीवर आकडा होता सातशे चार. एक वाजता सातशे नऊ. तांबवाडीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना.

तरन्नुम स्कूटरवर जाऊन बघून आली ती चक्रावलेली. म्हणाली, "ताई, मला काही कळत नाही. सगळे तयार आहेत. नवे कपडे घातलेत, फेटे बांधलेत, कुणाच्या घरी चूल नाही. दारात बसलेत नुसते. मी म्हटलं चला, तर म्हणतात, बोलावणं आलं की निघू."

माझ्या हातात झारा होता. तो कढईत तसाच राहिला. सातशे-आठशे माणसं, म्हातारी-कोतारी, लेकरंबाळं, रणरणत्या दुपारी उपाशी दारात बसली होती. भांडायला नव्हती बसली. येण्यासाठीच बसली होती. आणि माझा भाऊ त्यांच्यात होता. मला माझीच इतकी शरम वाटली की काय सांगू. मी नवनाथरावांना म्हटलं, आमटीवर लक्ष ठेवा, आणि तशीच, हळदीच्या हातांनी, तरन्नुमच्या मागे बसले.

साहेबांनी फाटकावर अडवलं. त्यांनी फक्त रेघ मारलेला तो कागद वर करून दाखवला. मी म्हटलं, ध्यानात आहे.

दादा ओट्यावर बसला होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवतणाच्या दिवशी तो पाठमोरा होता म्हणून त्या दिसल्याच नव्हत्या. फेटा गुलाबी, इस्त्रीची घडी तशीच. वहिनी, मुलगा, सून, नातवंडं सगळी रांगेनं बसलेली. गल्लीतली माणसं आपापल्या दारातून बघत होती. बोलवायला नेहमी परका माणूस जातो, घरची धनीण कधी जात नाही, आचारी तर नाहीच नाही. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"दादा, चल."

"पानं वाढली?" त्यानं विचारलं.

"नाही. तसं म्हणायला मला बंदी आहे, आणि खरंच वाढलेली नाहीत. मोजणी झाल्याशिवाय घोटभर आमटीसुद्धा मिळायची नाही. उपाशीच चल."

दादा माझ्या हळदीच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशीपण उपाशीच होतो, भागे."

"माहीत आहे. मीपण होते. माझ्या सायलीच्या लग्नात हजार माणसं जेवली, मी जेवले नाही. मी तुला बोलवायला यायला पाहिजे होतं. चुकले मी."

आयुष्यात 'चुकले' हा शब्द मी पहिल्यांदाच म्हटला असेन, नवनाथराव तिथे नव्हते म्हणून बरं. दादानं फेट्याचा शेमला सारखा केला आणि विचारलं, "आमटी कोण बघतंय?"

"तुझे दाजी."

"मग लवकर चल. करपवतील ते."

तो उठला. वहिनी रडायला लागली आणि हसायलाही लागली. पण बाकीची घरं अजून जागची हलली नव्हती, त्यांनाही त्यांचं बोलावणं पाहिजे होतं. एक आळी मी घेतली, एक वहिनीनं, आणि वरची आळी, माझा विश्वास बसेना, दादानं स्वतः घेतली. दारोदारी आमचं एकच, उपाशी चला. नव्वदीच्या सोनाआजी म्हणाल्या, असलं बोलावणं जन्मात ऐकलं नाही, आणि काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाल्या.

वाट तीन किलोमीटर, त्याच माळावरून. सदस्यांनी मतदारांना गाडीतून न्यायचं नाही असाही नियम होता, त्यामुळे सगळे पायी. तरन्नुम तेवढी सोनाआजींना स्कूटरवर घ्यायची परवानगी फोनवर मागत होती. ती सदस्य नसल्यामुळे मिळाली. माळ ओलांडताना दादा मधेच थांबला आणि चपलेनं दगड उकरून खाली बघितलं. या कुसळांखालून तुमच्या गावाचं पाणी जातंय होय, असं म्हणाला. मी म्हटलं, तुमचंपण. तो म्हणाला, हां, आमचंपण. मग पुढे चालायला लागला.

फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. चेहरे ओळखणारं यंत्र फेट्यांपुढे आणि पदरांपुढे गांगरून गेलं, दर माणसाला दोनदा-तीनदा बघायला लागलं. रांग हलेना. चारला चार मिनिटं उरली तेव्हा पाटीवर एक हजार एकोणीस होते आणि निम्मी तांबवाडी बाहेर. तेव्हा सोनटक्के साहेब खुर्चीवरून उठले, यंत्र बाजूला सारलं, नियमावलीचं पान उघडून मोठ्यानं वाचलं, की यंत्र अडखळल्यास अधिकारी हातानं नोंद घेऊ शकेल, आणि फाटक सताड उघडलं. सगळी तांबवाडी आत आली, आणि मग आतच ते स्वतः एकेकाचं कार्ड बघत नाव लिहीत गेले, त्यांचे चार कारकूनही बसले. चारच्या ठोक्याला फाटक लागलं तेव्हा आत एक हजार चारशे अकरा माणसं होती. साहेबांचा सदरा घामानं चिंब झाला होता आणि सर्दी पार गेली होती.

हात वर करायच्या आधी दादा बोलायला उभा राहिला. त्यानं कुणाचं कौतुक केलं नाही. म्हणाला, भांड्याचं तोंड आमच्याकडे आहे, त्यामुळे मंडळात तोंडाकडच्या माणसाला आवाज पाहिजे, आणि माळाची राखण करायची तर ती दोन्ही गावांनी मिळून करायची, आम्हाला एकट्याला दगडाशी बांधून ठेवायचं नाही. बोरजाईच्या विहीरवाल्यांनी कुरकुर केली. मग तरन्नुमनं नकाशा वर धरला आणि कुरकुर थांबली. होकारासाठी तेराशे बासष्ट हात वर झाले. दोनदा मोजले. विरोधात सदतीस, ते सगळे आमच्याच गावचे बागायतदार, आणि त्यांनाही मी आग्रह करकरून खीर वाढली.

पंगत बसली सहाला. आमटी तळाला लागली होती. दादानं पहिल्या घासाला ओळखलं, पण नवनाथरावांकडे बघून गप्प राहिला.

क्रशरवाले पुढच्या आठवड्यात यंत्रं घेऊन दुसऱ्या तालुक्याकडे गेले. पाऊस झाला, बरा झाला. आता दोन्ही गावांत लोक सकाळी उठले की मोबाईलवर भांडं बघतात, किती भरलं, किती उतरलं. कुणी जास्त उपसलं की ते चावडीवर दुपारपर्यंत कळतं. पहिले दोन महिने त्यावरून इतकी भांडणं झाली की विचारू नका, पण ती पाण्यावरून झाली, मानावरून नाही. दिवाळीनंतर मंडळाची खरी निवडणूक झाली आणि अंकुशदादा अध्यक्ष झाला. मी विहीर नसलेल्यांच्या जागेवर बिनविरोध. टँकर बंद होऊन सार्वजनिक विहिरीवरून घरोघरी नळ आला आणि माझ्या नळालाही मीटर बसला.

परवा बुधवारी दुपारी मी भाकरी थापत होते. दारात दादा. हातात कागद. मंडळाच्या शिक्क्याची नोटीस होती, माझ्याच नावाची. दोन लग्नांच्या स्वयंपाकात मी ठरलेल्या वाट्यापेक्षा तीनशे ऐंशी लिटर पाणी जास्त वापरलं होतं. खाली अध्यक्षांची सही. या मंडळानं काढलेली ही पहिलीच नोटीस. माझा पारा चढला. म्हटलं, सख्ख्या बहिणीला? तो म्हणाला, बहिणीला आधी, म्हणजे बाकीचे सरळ येतील. मी म्हटलं, आणि एवढ्यासाठी अध्यक्षांनी उन्हातान्हाचं यायची काय गरज, शिपाई नाही का?

"शिपाई तांबवाडीचा आहे," दादा म्हणाला. "जेवणाच्या वेळेला बोलावल्याशिवाय तो कुणाच्या घरी येत नाही."

एवढं बोलून त्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले, कोपऱ्यातला पाट ओढला आणि चुलीजवळ बसला. मी पिठाच्या हातानं नोटिशीवर सही केली आणि त्याला भाकरी वाढली.